"पिशवी का काढत नाहीत?" : कॅन्सरची स्टेज आणि ऑपरेशनचा निर्णय

मागच्या दिवाळीनंतर माझ्या मावशीचा रिपोर्ट आला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, स्टेज २बी. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी फाईल बघितली, मावशीला तपासलं, आणि सांगितलं की ऑपरेशन करायचं नाही, किरणोपचार आणि सोबत केमो द्यायची. बाहेर बाकावर बसलेल्या काकांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, खरं सांग. ऑपरेशन करत नाहीत म्हणजे आता हाताबाहेर गेलंय ना?"

माझी पीएचडी पेशी एकमेकींना धरून कशा राहतात यावर आहे. कॅन्सर या विषयाच्या मी काठावर उभी असते, पण मी डॉक्टर नाही. काकांना त्या वेळी मी "तसं काही नाही हो काका" एवढंच म्हणाले, आणि ते म्हणताना मला स्वतःलाच त्याची खात्री नव्हती. घरी येऊन पेपर वाचायला बसले. आठवडाभर वाचल्यावर जे कळलं ते काकांना फोनवर सांगितलं, आणि आता तुम्हाला सांगतेय.

कारण काकांच्या डोक्यात जे होतं ते आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असतं. गाठ आहे ना, मग काढून टाका. काढली म्हणजे सुटलो, आणि काढत नाहीत म्हणजे संपलं. पोटातल्या बायकांच्या कॅन्सरमध्ये हा हिशेब बऱ्याचदा चुकतो, आणि चुकला तर तो बाईला महागात पडतो.

स्टेज म्हणजे काय, आणि काय नाही

आधी एक गैरसमज. रिपोर्टमध्ये "ग्रेड" असा एक शब्द असतो आणि "स्टेज" असा दुसरा. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते. ती तुकड्यावरून कळते. स्टेज म्हणजे कॅन्सर शरीरात कुठपर्यंत पोहोचलाय ते. ती एकट्या तुकड्यावरून कळत नाही, त्यासाठी अख्ख्या बाईला तपासावं लागतं. घरातली माणसं "शेवटची स्टेज" हा शब्द पंचांगातल्या मुहूर्तासारखा वापरतात. डॉक्टरांसाठी मात्र तो नकाशा असतो. शत्रू गावाच्या वेशीच्या आत आहे की वेस ओलांडून शेतात शिरलाय, की पलीकडच्या तालुक्यात गेलाय, ते बघूनच कुठलं सैन्य पाठवायचं ते ठरतं.

कॅन्सर पसरतो तीन वाटांनी. पहिली शेजाऱ्याची: बाजूच्या मांसात हळूहळू शिरत जातो. दुसरी लसीकावाहिन्यांची. पायाला जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं हे आपल्याला माहीत असतं. ती सुजलेली गाठ म्हणजे लसीकाग्रंथी. जखमेतला जंतू जसा तिथपर्यंत जातो, तशाच गर्भाशयमुखातल्या कॅन्सरच्या पेशी ओटीपोटातल्या लसीकाग्रंथींपर्यंत जातात, तिथून वर पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीशेजारच्या ग्रंथींपर्यंत. तिसरी वाट रक्ताची, जिने तो फुफ्फुस, यकृत, हाडं अशा लांबच्या ठिकाणी जातो.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर बराच काळ पहिल्या दोन वाटांनीच चालतो. म्हणून त्याचे टप्पे नीट आखता येतात. कागदावर ते रोमन आकड्यांत असतात, मी आपल्या आकड्यांत लिहितेय.

स्टेज १ म्हणजे कॅन्सर गर्भाशयमुखातच आहे. त्यातही १ए म्हणजे इतका बारीक की फक्त सूक्ष्मदर्शकाखालीच मोजता येतो. १बी म्हणजे त्याहून मोठा. स्टेज २ म्हणजे तो गर्भाशयाच्या बाहेर पडला, पण कमरेच्या हाडांपर्यंत पोहोचला नाही. योनीमार्गाच्या वरच्या भागात उतरला तर २ए, आणि गर्भाशयमुखाच्या दोन्ही बाजूंना त्याला धरून ठेवणारं जे मऊ मांस असतं, त्यात शिरला तर २बी. या मांसाला पॅरामेट्रियम म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. स्टेज ३ म्हणजे योनीमार्गाच्या खालच्या भागात, किंवा ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत, किंवा लघवीची नळी दाबली जाऊन मूत्रपिंड सुजेपर्यंत, किंवा लसीकाग्रंथींपर्यंत. स्टेज ४ म्हणजे मूत्राशय किंवा गुदाशयाच्या आतल्या अस्तरात, किंवा लांबच्या अवयवात.

हा नकाशा कोणी काढला?

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची अशी विभागणी पहिल्यांदा १९२९ मध्ये राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाने केली. तेव्हा रेडियमने उपचार करणारी केंद्रं युरोपात वेगवेगळ्या शहरांत होती आणि प्रत्येक जण आपले निकाल चांगले म्हणत होता. पण एकाकडे सुरुवातीच्या बायका येत होत्या, दुसऱ्याकडे उशिराच्या. तुलना करायची तर आधी एकाच मापाने मोजायला हवं. पुढे हे काम स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे गेलं. त्याला सगळे "फिगो" म्हणतात.

२०१८ पर्यंत या कॅन्सरची स्टेज मुख्यतः डॉक्टरच्या हाताने ठरायची. आतून बोटांनी तपासायचं, बाजूचं मांस मऊ लागतंय की कडक झालंय ते बघायचं, फार तर छातीचा एक्स-रे आणि काही साध्या तपासण्या. आज हे जुनाट वाटेल, पण त्यामागे विचार होता. या कॅन्सरच्या बहुतेक बायका गरीब देशांत आहेत, जिथे प्रत्येक तालुक्यात एमआरआय नाही. आणि बऱ्याच जणींचं ऑपरेशन होतच नाही, त्यामुळे काढलेला अवयव तपासून स्टेज ठरवावी असंही करता येत नाही. हाताने सगळीकडे तपासता येतं.

याची किंमतही होती. लसीकाग्रंथी बोटांना लागत नाहीत. बाईच्या ग्रंथींमध्ये कॅन्सर स्कॅनवर दिसत असला, डॉक्टर त्याप्रमाणे उपचारही बदलत असले, तरी कागदावरची स्टेज तीच राहायची. २०१८ मध्ये फिगोने हे बदललं. त्या नव्या नियमांच्या शोधनिबंधावर पहिलं नाव दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. नीरजा भाटला यांचं आहे. आता सोनोग्राफी, सीटी, एमआरआय, पेट स्कॅन, जे उपलब्ध असेल त्याचा निकाल धरता येतो. ग्रंथींमध्ये कॅन्सर असेल तर ३सी, मग गाठ कितीही छोटी असो. आणि १बीचे आता तीन भाग आहेत: २ सेंटिमीटरपेक्षा कमी, २ ते ४ च्या आत, आणि ४ किंवा जास्त. बोटांनी तपासणं अर्थात अजूनही लागतंच.

एक सेंटिमीटर इकडेतिकडे झाल्याने एवढं काय बिघडतं, असं मलाही वाटलं होतं. ते ऑपरेशन नेमकं काय असतं ते वाचल्यावर कळलं.

साधी पिशवी काढणं वेगळं

पाळीचा त्रास किंवा फायब्रॉइडच्या गाठी म्हणून गर्भाशय काढतात, ते साधं ऑपरेशन. त्यात गर्भाशयाला अगदी लागून कापत येतात. कॅन्सरसाठी हे बहुतेकदा पुरत नाही. गाठीभोवती चांगल्या मांसाचा काठ सोडून कापावं लागतं, म्हणून गर्भाशयासोबत पॅरामेट्रियम, योनीमार्गाचा वरचा भाग आणि ओटीपोटातल्या लसीकाग्रंथी काढतात. व्हिएन्नाच्या अर्न्स्ट वेर्टहाइम यांनी १८९८ मध्ये हे मोठं ऑपरेशन केलं, आणि आजही डॉक्टर मंडळींच्या बोलण्यात त्यांचं नाव येतं.

अडचण अशी की पॅरामेट्रियमच्या मधूनच मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे येणारी नळी जाते. तिथूनच मूत्राशयाच्या बारीक नसा जातात. पोस्टातल्या जुन्या गाठोड्यासारखं सगळं एकात एक बांधलेलं आहे. सर्जन ती नळी सोडवून घेतो, नसा जमेल तेवढ्या वाचवतो, आणि मग बाजूचं मांस काढतो. ऑपरेशननंतर काही बायकांना लघवी नीट होत नाही, काहींचे पाय सुजतात.

आता मावशीच्या नकाशाकडे बघा. २बी म्हणजे कॅन्सर त्याच पॅरामेट्रियममध्ये शिरलाय. चांगल्या मांसाचा काठ सोडायला जागाच कमी. कापलं तरी काठावर पेशी राहण्याची भीती, आणि राहिल्या तर ऑपरेशननंतर पुन्हा किरणोपचार द्यावेच लागणार. म्हणजे बाईने दोन्ही सोसायचं.

दोन्ही सोसण्याचा अर्थ काय, हे इटलीतल्या एका अभ्यासात दिसतं. १९९७ मध्ये तो "लॅन्सेट"मध्ये आला. स्टेज १बी आणि २ए च्या ३४३ बायका, म्हणजे मावशीपेक्षा अलीकडच्या टप्प्यातल्या. चिठ्ठी टाकावी तसं अर्ध्या जणींना ऑपरेशन, अर्ध्या जणींना किरणोपचार. पाच वर्षांनी दोन्ही गटांत ८३ टक्के जणी जिवंत होत्या. फरक त्रासात होता. गंभीर त्रास ऑपरेशनच्या गटात २८ टक्क्यांना झाला, किरणोपचाराच्या गटात १२ टक्क्यांना. याचं मोठं कारण असं की ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणींना नंतर किरणोपचारही द्यावे लागले. म्हणून आजचा नियम साधा आहे: एकाच उपचाराने भागेल असा उपचार आधी निवडा. छोटी गाठ, ग्रंथी साफ, तर ऑपरेशन. पुढचा टप्पा, तर किरणोपचार आणि केमो.

मुंबईतला प्रश्न, मुंबईतलं उत्तर

काकांनी फोनवर लगेच पुढचा प्रश्न विचारला, आणि तो खरंच चांगला होता. "मग आधी केमो देऊन गाठ बारीक करायची, आणि मग काढायची. असं का नाही?"

हाच प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने विचारला होता. २००३ ते २०१५ या काळात त्यांनी ६३५ बायकांना अभ्यासात घेतलं. स्टेज १बी२ (त्या वेळच्या मापाने ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी), २ए आणि २बी. एका गटाला आधी केमो आणि मग ते मोठं ऑपरेशन. दुसऱ्या गटाला किरणोपचार आणि सोबत दर आठवड्याला सिस्प्लाटिन नावाची केमो. निकाल २०१८ मध्ये छापून आला. पाच वर्षांनी कॅन्सर परत न आलेल्या बायका: केमो आणि ऑपरेशनच्या गटात ६९.३ टक्के, किरणोपचार आणि केमोच्या गटात ७६.७ टक्के. जिवंत असलेल्या बायकांचं प्रमाण दोन्हीकडे ७५ टक्क्यांच्या आसपास, जवळजवळ सारखं. पहिल्या गटातल्या सगळ्यांचं ऑपरेशन होऊही शकलं नाही, काहींना शेवटी किरणोपचारच घ्यावे लागले.

हा आकडा मी काकांना दोनदा सांगितला. आपल्याच राज्यात, आपल्याच बायकांवर झालेला अभ्यास सांगतो की मावशीच्या टप्प्यावर ऑपरेशन टाळलं म्हणून काही गमावत नाही, उलट आजार आटोक्यात राहण्याची शक्यता थोडी वाढतेच. आणि चारांतल्या तीन जणी पाच वर्षांनी आपल्यात असतात. "हाताबाहेर गेलंय" याला असा आकडा कोणी म्हणणार नाही.

पिशवी आत का हवी

आता मूळ प्रश्नाचं सगळ्यात सरळ उत्तर. मलाही ते वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

किरणोपचाराला आपल्याकडे "शेक" किंवा "लाईट" म्हणतात. त्याचे दोन भाग असतात. पहिला बाहेरून: साधारण पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, मशीनखाली काही मिनिटं पडून राहायचं. यात ओटीपोट आणि लसीकाग्रंथी असा मोठा भाग भाजून निघतो. पण गर्भाशयमुखातली मुख्य गाठ मारायला लागणारा सगळा डोस बाहेरून देता येत नाही, कारण पुढे मूत्राशय आहे आणि मागे गुदाशय, तेही भाजतील.

म्हणून दुसरा भाग आतून देतात. त्याला ब्रॅकिथेरपी म्हणतात. योनीमार्गातून एक बारीक नळी गर्भाशयाच्या पोकळीत सरकवतात आणि तिच्यातून किरणोत्सारी स्रोत काही मिनिटं आत पाठवतात. स्रोत अगदी गाठीच्या मध्यात असतो, त्यामुळे गाठीला भरपूर डोस मिळतो आणि थोडं लांब गेलं की तो झपाट्याने कमी होतो. चुलीजवळ बसलेल्याला चटका आणि ओसरीवरच्याला नुसती ऊब, तसं.

आणि ही नळी राहते कुठे? गर्भाशयात. पिशवी हीच तिची म्यान. पिशवी आधीच काढून टाकली तर नळी ठेवायला जागा उरत नाही, आणि मग उरलेल्या कॅन्सरला आतून तेवढा डोस देणं फार अवघड होऊन बसतं. काकांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पिशवीच औषध धरून ठेवणार."

हो, जवळपास तसंच.

यात वेळ सांभाळायला हवा. बाहेरचा आणि आतला मिळून सगळा उपचार साधारण आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावा असा दंडक आहे, कारण लांबला की कॅन्सर आटोक्यात येण्याचं प्रमाण घटतं. लग्न, सुगी, एसटीचा संप, काहीही असो, मधे खाडा नको. त्रास होतो हेही लपवण्यात अर्थ नाही. जुलाब, लघवीला जळजळ, थकवा, पुढे योनीमार्ग अरुंद होणं. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतात, पण बायका लाजून सांगत नाहीत आणि डॉक्टरही घाईत विचारत नाहीत.

घाईत काढलेली पिशवी

हे सगळं मी इतक्या तपशिलात लिहितेय त्याला कारण आहे. मोठ्या हॉस्पिटलात जाण्याआधी मावशीच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. पाळी जाऊन चार वर्षं झालेली, आणि पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं. जवळच्या एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि "पिशवी खराब झालीय, काढून टाकू" असं सांगितलं. आतून तपासलं नाही, तुकडा घेतला नाही. गावातल्या आशाताईंनी अडवलं. "आधी तुकडा तपासा, मग काय ते काढा," असं त्या चार वेळा म्हणाल्या म्हणून वहिनीने मावशीला दुसरीकडे नेलं.

तारीख पाळली असती तर साधं ऑपरेशन झालं असतं. पॅरामेट्रियममधला कॅन्सर तिथेच राहिला असता, कापलेल्या जागेत कदाचित पसरला असता, आणि पंधरा दिवसांनी रिपोर्टमध्ये "कॅन्सर" असा शब्द आला असता तेव्हा नळी ठेवायला गर्भाशय उरलं नसतं. कॅन्सर डॉक्टरांकडे अशा बायका येत राहतात. त्यांच्यावर पुढे उपचार होतात, पण वाट अवघड झालेली असते.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं समोर आलं आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, हे तुम्हाला आठवत असेल. त्यातल्या अनेकींनी सांगितलं होतं की "नाही काढली तर कॅन्सर होईल" अशी भीती त्यांना घातली गेली. तिथे ज्यांना कॅन्सर नव्हता त्यांची पिशवी कॅन्सरच्या नावाने काढली गेली. मावशीच्या बाबतीत कॅन्सर होता आणि तो न बघताच काढायला निघाले होते. दोन्हीकडे चुकलं ते एकच: काय आहे आणि कुठपर्यंत आहे हे बघायच्या आधी सुरी हातात घेतली.

लहान गाठ असली तरी

मग स्टेज १ मध्ये तरी सगळं सरळ आहे का? २०१८ मध्येच एका अभ्यासाने सर्जन मंडळींना हादरवलं. ६३१ बायका, बहुतेक १बी१ च्या. निम्म्यांचं मोठं ऑपरेशन पोट उघडून, निम्म्यांचं दुर्बिणीतून किंवा रोबोने. सगळ्यांना वाटलं होतं निकाल सारखे येतील आणि दुर्बिणीवाल्या लवकर घरी जातील. प्रत्यक्षात साडेचार वर्षांनी कॅन्सर परत न आलेल्या बायका पोट उघडलेल्या गटात ९६.५ टक्के होत्या आणि दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के. कारणांवर अजून वाद आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये गर्भाशय हलवायला आतून जे साधन घालतात त्याचा गाठीशी संबंध येतो, आणि योनीमार्ग पोटाच्या आतून कापताना गाठ उघडी पडते, असा संशय आहे.

हाच प्रश्न गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरबाबत विचारला तर उत्तर वेगळं येतं. ७६० बायकांच्या एका अभ्यासात साडेचार वर्षांनी दोन्ही गटांत ८१ टक्क्यांच्या वर जणी आजारमुक्त होत्या. तिथे दुर्बीण चालते. अवयव शेजारी शेजारी, पण एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही.

आणि फार छोट्या गाठींमध्ये ऑपरेशन आणखी लहान करता येतं. २०२४ मध्ये ७०० बायकांचा अभ्यास आला. २ सेंटिमीटरपर्यंतची, फार खोल न गेलेली गाठ. साधं गर्भाशय काढलेल्यांमध्ये तीन वर्षांत ओटीपोटात कॅन्सर परतल्याचं प्रमाण २.५२ टक्के, मोठ्या ऑपरेशनमध्ये २.१७ टक्के. लघवीच्या तक्रारी साध्या ऑपरेशनमध्ये कमी. पण लक्षात घ्या, इथे साधं ऑपरेशन आधी सगळं मोजून, ग्रंथी तपासून केलंय. मावशीचं होणार होतं ते न मोजता.

जिथे ऑपरेशनच नकाशा काढतं

गोंधळ होऊ नये म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. गर्भाशयाच्या अस्तराचा आणि बीजांडकोशाचा कॅन्सर यांचा क्रम बराचसा उलटा आहे. तिथे खरी स्टेज ऑपरेशननंतरच कळते. अस्तराच्या कॅन्सरसाठी फिगोने १९८८ मध्येच हा नियम केला, कारण कॅन्सर भिंतीत किती खोल गेलाय हे काढलेलं गर्भाशय कापून बघितल्यावरच नक्की समजतं.

बीजांडकोशाच्या कॅन्सरमध्ये सर्जन पोटातलं पाणी तपासायला घेतो, पोटाचं अस्तर, आतड्यावरचा चरबीचा पडदा, सगळं बघतो आणि जिथे संशय तिथले तुकडे घेतो. इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. गाठ एकाच बीजांडकोशात, अखंड असेल तर स्टेज १ए. तीच गाठ ऑपरेशन करताना फुटली आणि आतलं पोटात सांडलं, तर १सी१. सर्जनच्या हातातल्या एका क्षणाने स्टेज बदलते, आणि कदाचित केमो द्यायची की नाही हेही. म्हणून संशयास्पद गाठ सुईने फोडून तपासू नये, अख्खी काढावी, आणि शक्यतो हे काम करण्याची सवय असलेल्या माणसाने काढावी.

नकाशा लागूच नये म्हणून

भारतात २०२२ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ८० हजार मृत्यू झाल्याचा जागतिक कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. यातल्या पुष्कळ जणी पुढच्या टप्प्यावर येतात. त्या लवकर आल्या तर काय होतं, याचं उत्तरही आपल्याच भागातून आलंय. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या साथीने ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायकांचा अभ्यास झाला. एका गटाची आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही विषाणूची तपासणी केली. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले, तपासणी न झालेल्या गटात ६४. तपासणी न देता एक गट ठेवण्यावर नंतर टीका झाली, आणि ती रास्त होती. पण एका तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे जगाला तिथल्या बायकांमुळे कळलं.

तुमच्या घरात कुणाला असा रिपोर्ट आला तर डॉक्टरांना हे विचारा. तुकड्याचा रिपोर्ट आलाय का? स्टेज कोणती, आणि ती कशावरून ठरवली? लसीकाग्रंथी बघितल्या का? ऑपरेशन करणार असाल तर नंतर किरणोपचार लागण्याची शक्यता किती? किरणोपचार असतील तर आतला शेक इथेच मिळतो की दुसरीकडे जावं लागेल? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. आणि पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून गेलं, किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर पिशवी काढायची तारीख घेण्याआधी आतून तपासून घ्या.

मावशीचे पंचवीस बाहेरचे आणि चार आतले शेक सात आठवडे आणि तीन दिवसांत पूर्ण झाले. काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारली. तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत गाठ दिसली नाही. अजून दर तीन महिन्यांनी जायचंय, आणि पाच वर्षं होईपर्यंत कोणीच ठाम काही बोलणार नाही, हे आम्हाला आता माहीत आहे. परवा शेजारच्या एका बाईला सोनोग्राफी बघून पिशवी काढायला सांगितलं, तेव्हा काकाच तिच्या नवऱ्याला म्हणाले, "आधी तुकडा तपासा."